रॉयल अ‍ॅस्कॉटला पैसे लावायचेत? आधी भाव वाचायला शिका

जून उजाडला की मला फोन यायला लागतात. कोणी नुकतंच लंडनला आलेलं असतं, कोणाचे आई-वडील सुट्टीला आलेले असतात, कोणाला ऑफिसातून अ‍ॅस्कॉटचा पास मिळालेला असतो. प्रश्न सगळ्यांचा एकच: "कुठला घोडा लावू?" मी नाव सांगत नाही. ज्या घोड्यावर सकाळी ८/१ भावाने पैसे लावणं शहाणपणाचं असतं, त्याच घोड्यावर दुपारी ७/२ भावाने लावणं चूक ठरू शकतं. घोडा तोच, जॉकी तोच, धावपट्टी तीच. बदललेला असतो फक्त भाव. हे ज्याला कळलं त्याचे पैसे अ‍ॅस्कॉटच्या पाच दिवसांत निदान विचार करून खर्च होतात. बाकीच्यांचे नुसतेच जातात.

माझे वडील पुण्याच्या पावसाळी सीझनला नेमाने रेसकोर्सवर जायचे. छत्री, रेसबुक, खिशात मोजके पैसे. आम्ही मुलं घोडे बघायचो आणि ते फळ्यावरचे आकडे बघत उभे राहायचे. तेव्हा मला ते कंटाळवाणं वाटायचं. इंग्लंडात आल्यावर अ‍ॅस्कॉटच्या रिंगणात पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा त्या आकड्यांत ते काय बघत होते हे समजलं. हा लेख त्याच आकड्यांबद्दल आहे.

आधी दोन-तीन गोष्टी स्पष्ट

अ‍ॅस्कॉटवर पहिली शर्यत राणी अ‍ॅनच्या पुढाकाराने ११ ऑगस्ट १७११ रोजी झाली. आज रॉयल अ‍ॅस्कॉट म्हणजे जूनमधले मंगळवार ते शनिवार असे पाच दिवस, रोज सात म्हणजे एकूण ३५ शर्यती, त्यातल्या ८ ग्रुप वन, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या. दुपारी दोन वाजता राजघराण्याच्या बग्ग्यांची मिरवणूक धावपट्टीवरून येते, अडीचला पहिली शर्यत सुटते. सगळ्या शर्यती फ्लॅट, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या नाहीत.

इंग्लंडमध्ये पैसे लावायला वय १८ पूर्ण हवं. ऑनलाइन खातं उघडताना ओळख आणि वय तपासल्याशिवाय पैसे लावता येत नाहीत, म्हणून खातं मंगळवारच्या सकाळी उघडू नका, चार दिवस आधी उघडून ठेवा. क्रेडिट कार्डावर जुगार खेळायला २०२० च्या एप्रिलपासून बंदी आहे आणि ती फार चांगली बंदी आहे. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर तिकिटावर जीएसटी भरावा लागतो. इथे मात्र २००१ च्या ऑक्टोबरपासून पंटरकडून, म्हणजे पैसे लावणाऱ्याकडून, बेटिंगचा कर घेत नाहीत आणि जिंकलेल्या रकमेवरही कर नाही. हे सगळं इंग्लंडात असणाऱ्यांसाठी. भारतात बसून परदेशी साइटवर पैसे लावणं आपल्या कायद्यात बसत नाही, त्या वाटेला जाऊ नका.

आता रक्कम. पाच दिवसांची रक्कम घरीच ठरवा आणि ती रक्कम गेली असं समजूनच बाहेर पडा. समजा १०० पाउंड. त्याचे २० भाग करा, एका वेळी एक भाग, म्हणजे ५ पाउंड. अगदी खात्री वाटली तर दोन भाग. पाचव्या शर्यतीपर्यंत सगळं हरलं म्हणून सहावीला चौपट लावून "वसूल" करायचं नाही. मी जितकी माणसं अ‍ॅस्कॉटहून उदास परतताना पाहिली, त्यांतली बहुतेक याच चौपटीने बुडाली होती. ऑनलाइन खात्यात डिपॉझिटची मर्यादा घालायची सोय असते, ती पहिल्याच दिवशी घाला. आणि हात आवरत नाही असं कधी जाणवलं, तर गॅमस्टॉपवर नाव नोंदवलं की ब्रिटनमधल्या परवानाधारक ऑनलाइन बुकमेकरांकडचा (पैजा घेणाऱ्यांकडचा) रस्ता एकदम बंद होतो.

भाव म्हणजे काय

५/१ म्हणजे १ पाउंड लावला आणि घोडा जिंकला तर ५ पाउंड नफा, वर आपला १ परत. ७/२ म्हणजे २ लावले तर ७ नफा. ४/६ म्हणजे ६ लावले तर नफा फक्त ४. इथपर्यंत सगळ्यांना येतं. खरी गंमत उलट्या बाजूने वाचण्यात आहे. भाव तुम्हाला सांगतो की बुकमेकरच्या मते घोड्याची जिंकण्याची शक्यता किती. हिशेब सोपा: उजवा आकडा भागिले दोन्हींची बेरीज. ५/१ म्हणजे १ भागिले ६, साधारण १६.७ टक्के. ७/२ म्हणजे २ भागिले ९, २२.२ टक्के. ४/६ म्हणजे ६ भागिले १०, बरोबर ६० टक्के.

आता एक छोटी शर्यत घ्या, पाच घोडे. भाव २/१, ५/२, ४/१, ६/१ आणि ८/१. टक्के काढा: ३३.३, २८.६, २०, १४.३, ११.१. बेरीज १०७.३. शंभर असायला हवी होती. वरचे ७.३ हा बुकमेकरचा वाटा. तीस घोड्यांच्या शर्यतीत हा वाटा बराच मोठा होतो, कारण प्रत्येक घोड्याच्या भावात थोडंथोडं कापलेलं असतं. पंटर शेवटी का हरतो याचं उत्तर या बेरजेत आहे. तुमचा अंदाज बाजाराइतकाच बरोबर असेल, तरीही तुम्ही हळूहळू हरता. थोडी तरी आशा ठेवायची तर एखाद्या घोड्याबद्दल तुमचा अंदाज बाजारापेक्षा बरा असायला हवा आणि भाव त्या अंदाजापेक्षा मोठा असायला हवा.

म्हणून माझी रीत अशी. भाव बघण्याआधी शर्यतीचा अभ्यास करायचा आणि वहीत प्रत्येक घोड्यापुढे स्वतःचा भाव लिहायचा. सातव्या नंबरचा घोडा मला ५/१ चा वाटला आणि बाजारात ८/१ मिळतोय, तर लावायचा. बाजारात ३/१ असेल तर कितीही आवडता असला तरी सोडून द्यायचा. तो जिंकला तरी हळहळ करायची नाही. पहिल्या वर्षी तुमचे अंदाज कच्चे असतील, माझेही होते. पण वहीत लिहिल्याशिवाय ते कच्चे आहेत हे कळतच नाही.

याची दोन उदाहरणं अ‍ॅस्कॉटनेच दिली आहेत. २०१२ च्या रॉयल अ‍ॅस्कॉटला मंगळवारी फ्रँकेल क्वीन अ‍ॅन स्टेक्समध्ये १/१० भावाने धावला आणि ११ लांबींनी (एक लांबी म्हणजे एका घोड्याच्या देहाइतकं अंतर) जिंकला. त्याच आठवड्यात शनिवारी ऑस्ट्रेलियाची ब्लॅक कॅव्हियर १/६ भावाने धावली आणि कशीबशी एका डोक्याने जिंकली. दोघांच्याही तिकिटांवर पैसे मिळाले. पण १/६ घेणाऱ्याला नुसतं बरोबरीत राहायलाच सातपैकी सहा वेळा बरोबर ठरावं लागतं. कॅव्हियरच्या जॉकीने शेवटच्या क्षणी लगाम सैल सोडला आणि सातातली ती हरण्याची एक वेळ थोडक्यात टळली.

दुसरं उदाहरण रॉयल आठवड्याचं नाही, पण याच मैदानावरचं. २८ सप्टेंबर १९९६ रोजी जॉकी फ्रँकी डेटोरीने दिवसाच्या सातही शर्यती जिंकल्या. सातवा घोडा होता फुजियामा क्रेस्ट. सकाळी त्याचा भाव १२/१ होता. पहिल्या सहा शर्यती डेटोरीने जिंकत नेल्यावर लोकांचा पैसा आणि बुकमेकरांचे स्वतःचे बचावाचे पैसे असे तुटून पडले, की तो २/१ ला सुटला. घोड्याच्या पायांत सकाळपासून काही फरक पडला नव्हता. तो जिंकला हे खरं, पण म्हणून २/१ हा योग्य भाव होता असं होत नाही.

ईच-वे: इथेच लोक गोंधळतात

महालक्ष्मीवर आपण विन आणि प्लेस अशी वेगळी तिकिटं घेतो. इथे बुकमेकरकडे ईच-वे घेतलं की दोन्ही एकदम: एक बेट जिंकण्यावर, तेवढंच दुसरं पहिल्या काहींत येण्यावर. "५ पाउंड ईच-वे" म्हणजे खिशातून १० जातात. काउंटरवर हे ऐकून दचकणारे दरवर्षी भेटतात.

प्लेसचे नियम घोड्यांच्या संख्येवर ठरतात. पाच ते सात घोडे धावले तर पहिले दोन, भावाच्या पाव हिश्शाने. आठ किंवा जास्त असतील तर पहिले तीन, पाचव्या हिश्शाने. हँडिकॅप शर्यतीत (जिथे घोड्यांच्या पाठीवर रेटिंगनुसार वजन देतात) बारा ते पंधरा घोडे असतील तर पहिले तीन, पाव हिश्शाने. हँडिकॅपमध्ये सोळा किंवा जास्त असतील तर पहिले चार, पाव हिश्शाने. चार किंवा त्याहून कमी घोडे असतील तर ईच-वे नाहीच. अ‍ॅस्कॉटच्या आठवड्यात गिऱ्हाईक खेचण्यासाठी अनेक कंपन्या मोठ्या हँडिकॅपमध्ये पाच, सहा किंवा त्याहूनही जास्त जागांचे पैसे देतात, पण हिस्सा पावचा पाचवा करतात. दोन्ही आकडे वाचूनच ठरवा.

हिशेब करून बघू. तीस घोड्यांची हँडिकॅप, २०/१ चा घोडा, ५ पाउंड ईच-वे, घोडा चौथा आला. जिंकण्यावरचे ५ गेले. प्लेसच्या ५ वर भाव २०/१ चा पाव, म्हणजे ५/१. नफा २५, वर ५ परत, हातात ३०. दहा लावून तीस. म्हणून मोठ्या भावाच्या घोड्याला मोठ्या हँडिकॅपमध्ये ईच-वे शोभतं. उलट २/१ च्या फेव्हरिटला (म्हणजे सर्वात छोट्या भावाच्या घोड्याला) आठ घोड्यांच्या शर्यतीत ईच-वे घेतलं तर प्लेसचा भाव उरतो २/५. दहा लावून घोडा तिसरा आला तर हातात येतात सात. छोट्या भावाला लावायचंच असेल तर सरळ विन लावा.

३५ पैकी कोणत्या शर्यती सोडायच्या

बहुतेक सगळ्या. मी आठवड्यात दहा-बारा शर्यतींच्या पलीकडे जात नाही. बाकीच्या मनापासून बघतो, पैशाशिवाय.

दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यती, म्हणजे कॉव्हेंट्री, क्वीन मेरी, नॉर्फोक, अल्बनी, विंडसर कॅसल, चेशम, नवख्यांनी सोडाव्यात असं माझं ठाम मत आहे. ही जनावरं आयुष्यात एकदा-दोनदाच धावलेली असतात आणि कोण अजून वाढतंय हे ट्रेनरलाही नीट ठाऊक नसतं. २०२० मध्ये कॉव्हेंट्री स्टेक्स नॅन्डो पराडोने १५०/१ भावाने जिंकली आणि २०२३ मध्ये नॉर्फोक स्टेक्स व्हॅलियंट फोर्सनेही १५०/१ नेच. दोन्ही दोन वर्षांच्यांच्या शर्यती. अमेरिकेचा ट्रेनर वेस्ली वॉर्ड २००९ पासून इथे बाणासारखे सुटणारे दोन वर्षांचे घोडे आणून जिंकत आला आहे, पण ते आता सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्याच्या घोड्यांचा भाव आधीच आवळलेला असतो.

ग्रुप वन शर्यतींमध्ये अभ्यासाला सर्वात जास्त माल मिळतो. सेंट जेम्सेस पॅलेस स्टेक्समध्ये धावणारे तीन वर्षांचे घोडे मे महिन्यात इंग्लंडमधल्या न्यूमार्केट, आयर्लंडमधल्या करा (कुरा) किंवा फ्रान्समधल्या लॉंगशाँ मैदानावरच्या गिनीज नावाच्या मोठ्या शर्यतींमध्ये एकमेकांशी भिडलेले असतात. क्वीन अ‍ॅनसाठी न्यूबरीची लॉकिंज स्टेक्स बघा. गोल्ड कपसाठी अ‍ॅस्कॉटचीच सॅगारो आणि यॉर्कचा यॉर्कशायर कप. सगळ्यांचे व्हिडिओ मिळतात. निकालाचा नुसता आकडा वाचू नका, शेवटचे दोन फर्लांग (एक फर्लांग म्हणजे सुमारे २०० मीटर) पाहा. तिसरा आलेला घोडा वाट अडल्यामुळे तिसरा आला की दमून, हे आकड्यात दिसत नाही. बाजारालाही ते कधीकधी उशिरा दिसतं.

गोल्ड कप गुरुवारी असतो. १८०७ पासूनची शर्यत, अडीच मैल, म्हणजे चार किलोमीटरच्या जरा वर. इथे ताकद पुरणं हाच प्रश्न. एकदा हे अंतर पचवलेला घोडा पुन्हा पचवतो, म्हणून यीट्स २००६ ते २००९ सलग चार वर्षं जिंकला. जो दोन मैलांच्या पुढे कधी गेलाच नाही त्याच्या छोट्या भावापासून इथे दूर राहा.

उरल्या मोठ्या हँडिकॅप: बुधवारची रॉयल हंट कप, गुरुवारची ब्रिटानिया, शनिवारची वोकिंगहॅम. तीसच्या आसपास घोडे, प्रत्येकाच्या पाठीवर त्याच्या रेटिंगनुसार वजन, म्हणजे कागदावर सगळे सारखे. इथे फेव्हरिट शोधण्यात अर्थ नाही. मी १४/१ ते ३३/१ मधला एखादाच घोडा ईच-वे घेतो आणि तोही धावपट्टीचा विचार करून. त्याबद्दल पुढे.

धावपट्टी आणि जमीन

अ‍ॅस्कॉटची गोल धावपट्टी त्रिकोणी आकाराची, उजव्या हाताची, सुमारे पावणेदोन मैलांची. तिचा सर्वात खालचा भाग म्हणजे स्विनली बॉटम. तिथून शेवटपर्यंत चढ. शेवटचं वळण संपल्यावर समोरची सरळ पट्टी जेमतेम अडीच फर्लांग, म्हणजे ५०० मीटरच. त्यामुळे गोल शर्यतीत अगदी मागे राहून शेवटी उडी घेणाऱ्या घोड्याला अनेकदा वेळच पुरत नाही, शिवाय बाहेरून फिरावं लागलं तर आणखी लांबी वाया जातात.

दुसरी आहे सरळ धावपट्टी, एक मैलाची. पाच फर्लांगपासून एक मैलापर्यंतच्या बहुतेक शर्यती हिच्यावर. ही सपाट नाही, शेवटी चढच आहे. सपाट मैदानावर सहा फर्लांग झपाट्याने धावणारा घोडा इथे शेवटच्या शंभर मीटरला जड होतो. म्हणून सहा फर्लांगसाठी मी सात फर्लांगवर जिंकलेला घोडा शोधतो. रेसकार्डमध्ये घोड्याच्या नावापुढे "सी" असेल तर तो याच मैदानावर जिंकलेला, "डी" असेल तर याच अंतरावर, "सीडी" असेल तर याच मैदानावर याच अंतरावर. अ‍ॅस्कॉटला "सी" ला मी इतर मैदानांपेक्षा जास्त वजन देतो. खादेम २०२३ मध्ये इथली शनिवारची सहा फर्लांगची ग्रुप वन स्प्रिंट ८०/१ ने जिंकला तेव्हा लोकांनी त्याला नशीब म्हटलं. पुढच्याच वर्षी त्याच शर्यतीत तो पुन्हा जिंकला. तेव्हा भाव होता १४/१.

स्टॉल म्हणजे घोडा सुटतो तो कप्पा. त्याच्या नंबराकडे सरळ धावपट्टीवर डोळे उघडे ठेवून बघा. छोटे नंबर पलीकडच्या रेलिंगकडे, मोठे नंबर स्टँडच्या बाजूला. तीस घोडे सुटले की ते बहुधा दोन टोळ्यांत फुटतात आणि एकच बाजू जिंकते. कोणती, हे आधी कोणी सांगू शकत नाही, कारण पाणी कसं मारलंय, पाऊस कुठे मुरलाय, वेगाने पुढे धावणारे घोडे कोणत्या बाजूला आहेत, यावर ते ठरतं. म्हणून मंगळवारी सरळ धावपट्टीवर मी पैसे जपून लावतो आणि वहीत लिहितो: पहिले चार कोणत्या स्टॉलमधून आले, कोणती टोळी पुढे होती. बुधवारी हंट कपला ती टिपणं कामी येतात. आणि दोन्ही टोळ्यांत आघाडीला राहणारे घोडे कोण आहेत तेही बघा. चांगला वेग ज्या बाजूला, तिथला मागचा घोडा त्या वेगावर स्वार होऊन येतो.

जमिनीची अवस्था, इथल्या भाषेत गोइंग, दर दिवशी सकाळी जाहीर होते: फर्म, गुड टू फर्म, गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट, हेवी, म्हणजे कडकपासून चिखलापर्यंत. गोइंगस्टिक नावाचं यंत्र जमिनीत खुपसून आकडाही देतात, सरळ आणि गोल पट्टीचा वेगळा. जूनमध्ये बहुधा गुड टू फर्म असतं. पण वळवासारखा एक तास पाऊस कोसळला की सगळे अंदाज नव्याने मांडावे लागतात. घोड्याने आजवर कुठल्या जमिनीवर जिंकलंय ते रेसकार्डात असतं. घसरड्या जमिनीवर कधीच न धावलेल्या छोट्या भावाच्या घोड्याविरुद्ध जाण्याची ती वेळ.

पॅडॉकजवळची वीस मिनिटं

पॅडॉक म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात ती जागा. घोडे आधी मागच्या छोट्या रिंगणात फिरतात, तिथे खोगीर चढतं, मग मोठ्या पॅरेड रिंगमध्ये येतात. बहुतेक लोक टोप्या आणि पोशाख बघत असतात, त्यामुळे छोट्या रिंगणाच्या कठड्याशी जागा मिळते.

काय बघायचं? चाल. मागचं पाऊल पुढच्या पायाच्या ठशाच्या पुढे पडतंय का, मान मोकळी झुलतेय का. कातडी चकाकतेय का. घाम असेल तर कुठे. एकदा ब्रिटानियाच्या आधी माझ्या पसंतीचा घोडा तीन फुटांवरून गेला. त्याच्या मागच्या मांड्यांच्या मध्ये घामाचा पांढरा फेस साबणासारखा जमला होता, लगामाखालची मान भिजून काळी पडली होती, डोळ्याचा पांढरा भाग दिसत होता आणि त्याला दोन्ही बाजूंनी दोन माणसांनी धरलं होतं. तो शर्यत रिंगणातच धावून संपवत होता. मी लावला नाही. तो विसावा-बाविसावा आला. पण त्या दिवशी हवा थंड होती. तीस अंशांच्या उन्हात सगळेच घामाघूम असतात, तेव्हा एकाची तुलना बाकीच्यांशी करायची. आणि एखादा घोडा नेहमीच घामेजतो, तरी जिंकतो, हेही लक्षात ठेवा. पॅडॉक पाहून मी एखादं बेट रद्द करतो, नवीन बेट कधीच ठरवत नाही.

पैसे नेमके कुठे लावायचे

तीन वाटा आहेत. पहिली, बेटिंग रिंगमधले, म्हणजे मैदानावर पैसे घेत उभे असलेले बुकमेकर. प्रत्येकाचा दिव्यांचा फळा, त्यावर नावं आणि भाव. शर्यतीच्या दहा मिनिटं आधी एक फेरी मारा. एकाकडे ११/२, दोन फळे पलीकडे ६/१, असं सहज दिसतं. घोड्याचं नाव उच्चारायची गरज नाही, नंबर सांगा: "फाइव्ह पाउंड्स ईच-वे, नंबर सेव्हन." तिकीट हातात आलं की जागेवरच वाचा: नंबर, रक्कम, भाव. रांग सोडल्यावर तक्रारीला अर्थ राहत नाही. त्या बुकमेकरचं नाव आणि जागा लक्षात ठेवा, पैसे त्याच्याकडेच मिळणार.

दुसरी वाट मोबाइल. इथला मोठा फायदा म्हणजे बऱ्याच कंपन्या शर्यतीच्या दिवशी उत्तम भावाची हमी देतात. सकाळी ६/१ घेतला आणि घोडा सुटताना अधिकृत भाव, म्हणजे एसपी, ८/१ झाला, तर पैसे ८/१ ने मिळतात. या हमीच्या अटी वाचा, सगळ्या खात्यांना ती नसते. अंतिम नावनोंदणी ४८ तास आधी होते आणि स्टॉलचे नंबरही तेव्हाच कळतात, त्याआधी लावायची घाई करू नका. आठवडे आधी लावलं आणि घोडा आलाच नाही तर पैसे बुडतात.

शर्यतीच्या दिवशी घोडा मागे घेतला तर तुमच्या घोड्याचा भाव कापला जातो, याला रूल फोर म्हणतात. तुम्ही ४/१ ने १० पाउंड लावले आणि नंतर ५/२ चा फेव्हरिट बाद झाला, तर नफ्यातल्या प्रत्येक पाउंडमागे २५ पेन्स कापतात. म्हणजे ४० ऐवजी ३० नफा. ही फसवणूक नाही. सर्वात तगडा प्रतिस्पर्धी गेला, तुमची शक्यता वाढली, त्याची किंमत वळती झाली.

तिसरी वाट टोट. सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये, टोटचा वाटा काढून उरलेले जिंकणाऱ्यांत. २०१९ पासून अ‍ॅस्कॉटच्या पूलमध्ये हाँगकाँग जॉकी क्लबच्या मार्फत जगभरचा पैसा मिसळतो, त्यामुळे पूल मोठा असतो. महालक्ष्मीवरचा आपला तनाला म्हणजे इथला ट्रायफेक्टा, पहिले तीन घोडे नेमक्या क्रमाने ओळखायचे. तो तीस घोड्यांत लावण्यापेक्षा कुटुंबाने मिळून प्लेसपॉट घ्यावा. पहिल्या सहा शर्यतींत प्रत्येकी एक घोडा प्लेसमध्ये आणायचा. एका शर्यतीत दोन-तीन घोडेही घेता येतात, मग गुणाकार: २, १, ३, २, १, २ असे घेतले तर २४ ओळी. ५० पेन्सची ओळ असेल तर १२ पाउंड. दुपारभर सगळे एकत्र ओरडतात. तुमचा घोडा मागे घेतला गेला तर तो आपोआप फेव्हरिटवर जातो.

पोहोचण्याबद्दल थोडंच: वॉटर्लूहून गाडी सुमारे पन्नास मिनिटांत अ‍ॅस्कॉटला, तिथून चालत. रॉयल एन्क्लोजरमध्येही परदेशी पाहुण्यांना आपल्या देशाचा औपचारिक पोशाख चालतो, पैठणी अगदी डौलात शोभते. नीट खाऊन जा, उन्हात रिकाम्या पोटी शॅम्पेन घेतलेल्या माणसाचा हिशेब चौथ्या शर्यतीपर्यंत सुटतो.

तिकीट फेकू नका

घोडे रेषा ओलांडतात तेव्हा निकाल पक्का नसतो. फोटो, चौकशी, जॉकींचं वजन, हे झाल्यावर "वेड इन" अशी घोषणा होते. तोवर बुकमेकर पैसे देत नाहीत. दोन घोडे बरोबरीत आले तर तुमच्या अर्ध्या रकमेवरच पूर्ण भाव मिळतो.

दोन वर्षांपूर्वी एका मित्राची आई, नाशिकच्या काकू, आमच्याबरोबर वोकिंगहॅमला होत्या. त्यांनी २०/१ चा घोडा ५ पाउंड ईच-वे लावला होता, फक्त त्याच्या जॉकीचा शर्ट हळदी रंगाचा होता म्हणून. घोडा गर्दीत कुठेतरी संपला. मित्र म्हणाला, "गेला, आई, टाकून दे." काकूंनी आठवण म्हणून तिकीट पर्समध्ये घातलं. मोठ्या पडद्यावर क्रम आला तेव्हा मी नंबर विचारला. चौथा. आम्ही गर्दीतून मागे चालत त्या बुकमेकरकडे गेलो. त्याने तिकीट यंत्रावर धरलं, मान हलवली आणि दहा-दहाच्या तीन नोटा मोजून काकूंच्या हातावर ठेवल्या. काकूंनी विचारलं, "आणि तिकीट परत मिळेल का?"